पनवेल की बदलापूर? घर घेण्याआधी

ठाण्या-मुंबईत नोकरी आणि खिशाला झेपेल असं स्वतःचं घर, हे गणित मांडायला बसलेल्या माणसाच्या यादीत शेवटी बहुतेक वेळा पनवेल आणि बदलापूर ही दोनच नावं उरतात. मी पनवेलजवळच्या एका नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळानं आखलेल्या वस्तीत, काही वर्षं भाड्यानं राहिलो आणि घर बदलापूरला घेतलं. त्यामुळे माझा कल कुठे असेल हे उघड आहे. शाळा, दवाखाने, बाजार दोन्हीकडे आहेत, ते सोडून देतो.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांचं बोलायचं तर पनवेलला तोड नाही. २०२३ मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. न्हावा-शेवा बंदर, पुण्याचा द्रुतगती मार्ग, गोव्याचा रस्ता, सगळं हाताशी. घर भाड्यानं द्यायचं असेल किंवा पुढेमागे विकायचं असेल, तर पनवेलच घ्या असं मी निःसंकोच सांगेन. फक्त एवढंच, की हे सगळं दरात आधीच धरलेलं आहे. विमानतळ कागदावर होता तेव्हापासून त्याच्या नावानं भाव चढत आलेत. ज्या रकमेत मला तिकडे वन बीएचके दाखवत होते, त्या रकमेत बदलापूरला टू बीएचके बसला.

कागदपत्रांकडेही नीट बघा. नोडमधली जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याची. जुनं घर घेताना हस्तांतरण शुल्क आणि ना हरकत दाखला यांचा खर्च आणि वेळ धरावा लागतो. साडेबारा टक्के योजनेतल्या, म्हणजे जमीन गेलेल्या गावकऱ्यांना मोबदल्यात परत मिळालेल्या, भूखंडावरची इमारत असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. २०१६ मध्ये महापालिका झाली आणि मागच्या तारखेपासूनच्या मालमत्ता कराचा वाद सुरू झाला, म्हणून विकणाऱ्याची थकबाकी किती तेही विचारा.

पण माझा निर्णय यातल्या कशावरूनच झाला नाही. तो पाण्यावरून झाला.

आम्ही राहत होतो त्या सोसायटीत एप्रिल उजाडला की ग्रुपवरचा पहिला निरोप पाण्याचाच असायचा. आज प्रेशर नाही, टँकर सांगितलाय, दुपारपर्यंत जपून वापरा. टँकर आला की वॉचमन पाइप ओढत खालच्या टाकीकडे धावायचा, मोटर लागायची, गच्चीवरची टाकी भरते न भरते तोच सगळ्या मजल्यांवर एकदम नळ सुटायचे आणि बघता बघता पुन्हा खडखडाट. त्यात बोअरचं पाणी मिसळलेलं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर जमायचा, आणि तूरडाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी दाण्याला दाणा वेगळा. आई तर डाळीसाठी विकतच्या जारचं पाणी वापरायची. टँकरची वर्गणी मेंटेनन्सच्या वर वेगळी. पनवेल शहराचं देहरंग धरण लहान आहे, बाकी भागाचं पाणी वेगवेगळ्या यंत्रणांकडून येतं, त्यामुळे तक्रार नेमकी कुणाच्या दारात न्यायची हेच रहिवाशाला कळत नाही. सगळ्या पनवेलची हीच कथा असं मी म्हणणार नाही. काही सेक्टरांत पाणी छान येतं. पण विमानतळ झालेल्या शहरात घरातल्या बायकांनी बादल्या मोजाव्यात, हे मला कधी पटलं नाही.

बदलापूरला उल्हास नदीचं पाणी बॅरेजवरून उचललं जातं. आमच्या इमारतीत ते सकाळी ठरल्या वेळी येतं आणि डाळ शिजते. गावाबाहेरच्या नव्या संकुलांत मात्र मे महिन्यात टँकर दिसतात, म्हणून इथेही जागा बघूनच घ्या. नदीकडेचा तळमजला तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली होती, ती याच नदीच्या पुरात.

आता बदलापूरची दुखरी बाजू: लोकल. पनवेलहून गाडी सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. इथे कर्जत-खोपोलीच्या गाड्या भरूनच येतात, आणि बदलापूर लोकल पकडावी तर अंबरनाथकर डाउन करून, म्हणजे जागेसाठी उलटे बदलापूरपर्यंत येऊन, आधीच आत बसलेले. माझी नोकरी ठाण्याला आणि वेळ थोडी उशिराची, म्हणून निभतं. रोज नऊच्या आत सीएसएमटी गाठायचं असेल तर कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन होईपर्यंत पनवेलच सोयीचं पडेल, हे मान्य करतो. गावही फार झपाट्यानं फुगलं. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली वस्ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांपर्यंत गेली, रस्ते मात्र मागेच राहिले.

तरी एक गोष्ट फारसं कुणी लक्षात घेत नाही. बडोद्याहून जेएनपीटीकडे, म्हणजे न्हावा-शेवा बंदराकडे, येणारा द्रुतगती महामार्ग बदलापूरजवळून जातो आणि माथेरानच्या डोंगराखालून सुमारे चार किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यानं पनवेलच्या बाजूला उतरतो. म्हणजे विमानतळाचा उपयोग बदलापूरकरालाही होणारच, आणि त्याची किंमत इथल्या दरात अजून पुरती चढलेली नाही.

घर बघायला पावसाळ्यात किंवा दिवाळीत जाऊ नका, मे महिन्यात जा. सेक्रेटरींकडे मागच्या उन्हाळ्याची टँकरची बिलं मागा. पनवेलच्या ज्या सोसायटीत ती निघणार नाहीत आणि दर परवडेल, तिथे जरूर घ्या. बिलांची चळत पुढे आली, तर बदलापूर पश्चिमेला एक रविवार काढून येऊन बघा.