रोमिओ-ज्युलिएट: दोष नियतीचा की निर्णयांचा?

शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'वर उत्तर लिहिताना किंवा प्रयोग बसवताना, दोघांच्या मृत्यूचा दोष नियतीचा की पात्रांच्या निर्णयांचा, इथेच अडायला होतं.

पुरावा पाहू. नियतीच्या बाजूने प्रस्तावनेतच ग्रह आडवे आलेले आहेत. ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट याच्या निरक्षर नोकराला मेजवानीच्या पाहुण्यांची यादी वाचून द्यायला नेमका रोमिओच भेटतो. ज्युलिएटचं मरण खोटं आहे हे रोमिओला कळवणारं, फ्रायर (धर्मगुरू) लॉरेन्सचं पत्र नेणारा फ्रायर जॉन साथीच्या संशयावरून व्हेरोनातच कोंडला जातो. हे कुणाच्याच हातात नव्हतं.

निर्णयांची बाजू मला जास्त भक्कम वाटते. ज्युलिएटचा चुलत-मामे भाऊ टिबॉल्ट याला रोमिओ स्वतः मारतो. कॅप्युलेट ज्युलिएटचं पॅरिसशी ठरवलेलं लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणतो, म्हणून ज्युलिएटला ४२ तास मेल्यासारखं निपचित ठेवणारं औषध एक रात्र आधीच घ्यावं लागतं. पाचव्या अंकात तर ज्युलिएट मेल्याची खबर ऐकून रोमिओ फ्रायर लॉरेन्सचं पत्र आलंय का विचारतो, नाही कळल्यावरही थांबत नाही आणि ४० डुकॅट (सोन्याची नाणी) मोजून विष घेतो.

जबाबदारीचं म्हणाल, तर नियती धरली की एकमेकांशी वैर धरणारी दोन्ही घराणी सहज सुटतात.

शकुन, स्वप्नं, प्रस्तावना यांवर लिहायचं असेल तर नियतीचा धागा धरा. पात्रचित्रण करायचं असेल किंवा भूमिका उभी करायची असेल, तर निर्णयांचा. नटाला प्रत्येक प्रवेशात काहीतरी ठरवायला मिळतं.