जुन्या टेपला आयपॉड जोडला: किट ठीकठाक, फिटिंगवाले चाचा मात्र एक नंबर

"टेप काढून फेक ना बे, अँड्रॉइड स्क्रीन लाव, सात-आठ हजारात येते." हे मी जावयापासून तर पानठेल्यावरच्या पोट्ट्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकलं आहे. लावा ना, कोण नाही म्हणते. पण मला नाही लावायची. गाडीत मूळ जो टेप आहे त्याचा आवाज मला आवडते, बटणं अंधारातसुद्धा हाताला सापडतात, आणि घाटंजीच्या त्या रस्त्यावर गाडी चालवताना स्क्रीनवर बोट फिरवत बसलं तर पुढचा खड्डा थेट चेंबरला लागते.

गाडी आहे स्कोडाची ऑक्टाव्हिया, डिझेल, 2004 ची. अमरावतीच्या एका डॉक्टरसाहेबांकडून जुनी घेतली, त्या वर्षी पऱ्हाटीला भाव बरा भेटला होता म्हणून. गावात सगळे हसले की बोलेरो सोडून हे काय आणलं, ते राहू द्या. तिच्यात कंपनीचा कॅसेटवाला टेप आहे. कॅसेटचा पट्टा कधीचाच गेला, कॅसेट टाकली की आत दोन वेळा करकर करते आणि बाहेर थुंकते. म्हणून ते कॅसेटच्या आकाराचं वायरवालं अडॅप्टर असते ना, तेही माझ्या कामाचं नाही. त्यात चाकं फिरली पाहिजेत तेव्हा टेपला वाटते की कॅसेट चालू आहे, आणि इथं चाकंच फिरत नाहीत.

आता आयपॉडच कशाला, फोन का नाही, हे विचारणार तुम्ही. माझ्या साळ्यानं पुण्याहून आयपॉड क्लासिक दिला होता, 160 जीबीवाला, गोल चाक फिरवायचा. 2014 मध्ये कंपनीनं तो बंद केला. त्याच्यात आमच्या बाबांच्या भजन मंडळाच्या साऱ्या कॅसेटी भरल्या आहेत, गुरुकुंजला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला जायचे तेव्हाच्या, गावातल्या सप्ताहाच्या, खंजिरी आणि हार्मोनियम. कॅसेटी नंतर बुरशी लागून गेल्या. ज्या लॅपटॉपमध्ये भरल्या होत्या तोही गेला. म्हणजे आता जे आहे ते त्या डबीत आहे, आणि त्यातून कॉप्या काढून ठेव असं बायको तीन वर्षांपासून म्हणून राहिली आहे.

आधी एफएम ट्रान्समीटर घेतला, लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा साडेचारशे रुपयांचा. गावात मस्त चालला. म्हणजे कसं, तो लहानसं रेडिओ स्टेशनच असते, आपण एक रिकामी फ्रिक्वेन्सी धरायची आणि टेपवर तीच लावायची. यवतमाळात 102.7 वर आकाशवाणी आहे, तिच्यापासून लांब राहिलं की झालं. पण नागपूरला जायला निघालो, कळंब, देवळी, वर्धेपर्यंत ठीक, आणि बुटीबोरीच्या अलीकडेच 94.3 वर बाबांच्या भजनाच्या मधातून एक पोरगी खदाखदा हसली आणि साडीच्या सेलची जाहिरात सुरू झाली. आमची मोठी आई मागं बसली होती, ती म्हणे हे कोण बाई, भजनात कायले हासते. एफएमचं असंच आहे, एकाच जागी दोन स्टेशन आले की ज्याचा जोर जास्त तोच ऐकू येते, दुसरा दबून जाते. मग दर वीस किलोमीटरला नवी रिकामी जागा शोधत बसा. दिला एकाला फुकट.

मग किट मागवलं. आता नीट सांगतो कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. या जुन्या टेपला मागून सीडी चेंजर जोडायची सोय असते, सहा सीडींचा डबा डिक्कीत नाहीतर सीटखाली बसायचा. हे किट म्हणजे त्या डब्याचं सोंग आहे. टेप मागून विचारते, डबा आहे का? किट म्हणते आहे, सहा सीड्या आहेत, पहिलीचं पहिलं गाणं चालू आहे. मग टेप आवाजाचा रस्ता उघडते. म्हणून नुसती ऑक्सची (बाहेरचा आवाज टेपमध्ये न्यायची) वायर मागच्या दोन पिनांवर डकवली तर काही होत नाही, टेप ऐकतच नाही, त्याला आधी ते उत्तर पाहिजे. हे मी माझ्याच हातानं वायर डकवून एक दिवस वाया घालवल्यावर समजलं.

किट 2,800 रुपयाला पडलं. कुरिअरवाला गावात येत नाही, तालुक्याला बोलावते, तिथं गेलो तर जेवायला गेलेला, ते नेहमीचंच. डब्यात होतं काय तर काडेपेटीच्या दुप्पट आकाराची काळी पेटी, कपलर (टेपच्या पाठीत खोचायचा वायरींचा जोड) लावलेली वायर, आणि आयपॉडच्या जुन्या रुंद 30 पिनच्या खाचेत जाणारी केबल. ही केबल महत्त्वाची आहे. हेडफोनच्या भोकातून आवाज घेतला तर आयपॉडचा व्हॉल्यूम वेगळा, टेपचा वेगळा, एक कमी तर दुसरा फाटते. खालच्या खाचेतून लाइन आऊट मिळते, ठराविक पातळीचा साफ आवाज, व्हॉल्यूम फक्त टेपवरून करायचा. 2012 पासून जी बारीक लायटनिंगची पिन आली तिला ही केबल बसत नाही, पाहून घ्या. आणखी एक, गाडीचं नाव पाहून किट घेऊ नका, टेप बाहेर काढून त्याच्या पाठीचा फोटो काढा आणि कपलर पाहून घ्या. एकाच मॉडेलच्या गाडीत दोन प्रकारचे टेप येतात, आणि मागच्या मालकानं काय बदललं असेल ते देव जाणे.

आता फिटिंगचा किस्सा. पहिल्यांदा गेलो एका मोठ्या कार डेकोरवाल्याकडे, शहर नाही सांगत, नाव तर नाहीच सांगत. एसी, काचेचा दरवाजा, कॉफी पण विचारली. पोरगा आला आणि टेप न काढताच त्यानं बॅटरीची पट्टी काढली, म्हणे सेफ्टीसाठी. परत लावली तर टेपवर चार अक्षरं, SAFE. काय आहे, हा टेप चोरीच्या भीतीनं असा बनवला आहे की करंट तुटला की कुलूप लागते आणि चार आकडी कोड मागते. पोऱ्यानं मला न विचारता 0000 टाकलं, मग 1234 टाकलं. दोन वेळा चुकलं की टेप तासभर गप्प, तेही चालू ठेवून वाट पाहायची. मालक आला आणि म्हणे, "भाऊसाहेब, टेप उडाला, आता नवाच घ्या," आणि लगेच एका स्क्रीनचा डबा उघडायला लागला. चेकिंगचे 300 घेतलेच. मी एक शब्द बोललो नाही, घरी येऊन बायकोला बोललो.

कोड कुठून आणायचा? डॉक्टरसाहेबांना फोन लावला, ते आता मुलाकडे असतात. ते म्हणे मला काही आठवत नाही, थांबा हिला विचारतो. वहिनींनी एक जुनी फाइल काढली, गाडीसोबत द्यायची राहून गेली होती, तिच्यात सर्व्हिस बुकाच्या पानावर कोडाचं स्टिकर! मी फोनवरच पाया पडलो. इतक्या वर्षांत त्यांनी ती रद्दीत दिली नाही, मी दिली असती.

मग चाचांकडे. यवतमाळात दारव्हा रोडला, बोर्डावर नाव नाही, नुसतं 'बॅटरी, सेल्फ, वायरिंग, टेप', त्यातला टेपचा 'ट' उडून गेला आहे. दुकान म्हणजे टिनाचं शेड, एक बाज, एक कूलर ज्याचं पाणी संपलेलं. मे महिना, बाहेर 44-45 चालू. चाचांनी किट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, पोराला चहा सांगितला आणि मला विचारलं,

"कोड हाये का याचा?"

बस. तिथंच मी समजलो की हा माणूस वेगळा आहे.

"हाय ना चाचा."

"मंग काढू. नसता तर हातच नसता लावला म्या."

टेपच्या दोन्ही बाजूच्या बारीक फटींत चपट्या चाव्या घालाव्या लागतात तेव्हा तो सुटते. चाचांकडे त्या चाव्या नव्हत्या, त्यांनी हॅकसॉच्या जुन्या ब्लेडा घासून तशाच बनवल्या होत्या आणि एका रिंगमध्ये अडकवून ठेवल्या होत्या. घातल्या, हलका आवाज आला खट, आणि टेप पेटीच्या खणासारखा पुढं आला. मी चार वर्षं गाडी चालवून राहिलो पण त्याची पाठ पहिल्यांदा पाहिली. मागं तीन रंगांचे लहान कपलर एका ओळीत, पिवळा, हिरवा आणि निळा. चाचा म्हणे, "हा निया हाये ना भाऊ, हा डब्ब्याचा. बाकी दोघाले हात नाही लावाचा." खालचे दोन मोठे काळे-तपकिरी कपलर, एक करंटचा, एक स्पीकरचा. निळ्याच्या जागी किटचा कपलर टक्कन बसला. एकही वायर कापली नाही, सोललं नाही, टेपपट्टी गुंडाळली नाही. ते पाहून जिवाला बरं वाटलं कारण आमच्याकडचे बाकीचे मेकॅनिक पहिलं काम करतात ते म्हणजे दातानं वायर सोलणं.

पेटी डॅशबोर्डवर चिकटवू म्हणालो तर चाचांनी नाही म्हटलं, उन्हात उभी गाडी आत भट्टी होते, पेटी शिजून जाईल. डाव्या खणाच्या मागं बसवली, खडखड नको म्हणून जुन्या घोंगडीचा तुकडा गुंडाळला, आणि केबल खणातून बाहेर काढली. कोड टाकला. एक ते चार नंबरची बटणं, प्रत्येकानं एक आकडा वाढते, चारही जुळले की बाजूचं बटण दाबून धरायचं. SAFE गेलं, आणि आकाशवाणी लागली, बाजारभाव चालू होते.

पण काम संपलं नाही. आयपॉड लावला, भजन सुरू, आणि पाठीमागं डासासारखं कुईं. ॲक्सिलेटर दाबलं की कुईंचा सूर चढते, सोडलं की उतरते. मी म्हटलं किटच खराब. चाचांनी लायटरमधून मोबाइलचा चार्जर उपसला जो मी आयपॉडला दुसऱ्या वायरीनं लावून ठेवला होता. कुईं बंद. परत घातला, कुईं चालू. पुन्हा काढला. तीन वेळा करून दाखवलं, जसं लहान पोराला दिवा लावून दाखवतात. म्हणे अर्थिंगचे दोन रस्ते झाले, एक चार्जरचा आणि एक केबलचा, अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करते त्याचा, आवाज त्या गोल चक्करमधून आत घुसते. मधात एक लहान आयसोलेटर लावला 250 रुपयांचा. आत दोन बारकी ट्रान्सफॉर्मर असतात, इकडची वायर तिकडं जोडलेलीच नसते, आवाज चुंबकातून पलीकडे जाते आणि अर्थिंग तुटते. डग्ग्याचा दम किंचित कमी झाला हे खरं आहे, माझ्या पोराला कळला नाही, मला कळते.

मजुरी घेतली 600, दोन तास आणि दोन चहा धरून. मी सातशे देत होतो, शंभर परत केले.

किटबद्दल आता तीन महिन्यांनंतर. पाचपैकी साडेतीन. चार देणार होतो पण पेनड्राइव्हनं अर्धा कापला. किटला पेनड्राइव्हही लागते, पण तो फॅट32 या प्रकारात फॉरमॅट केलेला पाहिजे, फोल्डरची नावं CD01, CD02 अशीच पाहिजेत, एका फोल्डरमध्ये 99 च्या वर गाणी दिसत नाहीत कारण टेपला दोनच आकडे मोजता येतात बिचाऱ्याला. आणि गाण्यांचा क्रम नावाप्रमाणे लावत नाही, ज्या क्रमानं कॉपी केली त्याच क्रमानं वाजवते, हे पुस्तिकेत कुठंच नाही. पुस्तिका तशीही चिनी भाषेत आणि अशा इंग्रजीत आहे की चिनी बरी. टेपच्या डिस्प्लेवर गाण्याचं नाव येत नाही, नुसतं सीडी इतकी, ट्रॅक इतका. माझ्या किटमध्ये सहा नंबर दाबलं की आयपॉड लागते, मग गाणं बदलायचं तर आयपॉडचं चाकच फिरवायचं, टेपच्या बटणानं नाही. चालवता चालवता ते करू नका, मी एकदा केलं आणि समोर म्हशी. चार दिवस गाडी उभी होती तरी बॅटरी उतरली नाही, एका सेल्फमध्ये सुरू, हे चांगलं. आवाज मात्र असा की एफएमवाल्याच्या नावानं आंघोळच केली.

परवा मोठ्या आईला घेऊन यवतमाळला डोळे दाखवायला निघालो तेव्हा सहा नंबर लावला. सप्ताहाची कॅसेट होती, भजनाच्या मधात लाइट जाते आणि पेटीवाले थांबतात, आणि अंधारातून बाबांचा आवाज येतो, "अरे थांबता काहून, हात तर दिसून राहिले ना." एफएमवर हे कधी ऐकूच आलं नव्हतं, फुसफुस यायची. मोठी आई मागून म्हणाली, "आवाज वाढव रे जरासा."

कोड मी सर्व्हिस बुकातून उतरवून खणाच्या झाकणाच्या आतून लिहिला होता, चाचांनी तो पाहिला आणि पुसायला लावला, चोरासाठी लिहून ठेवता का म्हणे. आता बायकोच्या फोनमध्ये 'टेपवाला' नावाचा नंबर आहे, शेवटचे चार आकडे तेच.