थायलंडमधला रोजचा कप: कापडी गाळणीचा, मशीनचा की चहाचा?

थायलंडमध्ये घर भाड्याने घेताना स्कायट्रेनचं स्टेशन किती लांब आहे ते सगळेच बघतात. नव्याने राहायला येणाऱ्या मराठी मंडळींना मी आणखी एक अंतर मोजायला सांगते: भल्या सकाळी उघडणारं जुनं कॉफीचं दुकान पायी किती मिनिटांवर आहे? एसी कॅफे काय, बँकॉकात राहा नाहीतर च्यांग माईत, कोपऱ्यावर एखादा असतोच. जुनं दुकान मात्र एका गल्लीत असतं आणि पुढच्या दहा गल्ल्यांत नसतं. मालक थकला आणि मुलांनी हात झटकले की शटर एकदाच खाली येतं.

हा माझा कौल. पण तुम्हाला साखर वर्ज्य असेल, दिवसभर लॅपटॉप उघडून बसायचं असेल किंवा मुळात चहाच लागत असेल, तर गणित बदलतं.

आधी पैसे. गाडीवर किंवा जुन्या दुकानात एक कप साधारण २५ ते ४० बाटला पडतो, पेट्रोल पंपावरच्या देशी साखळीत ५० ते ७५ आणि दाण्याचं गाव-शेत सांगणाऱ्या कॅफेत ८० ते १५०. परदेशी साखळ्या त्याच्याही वर जातात. रोज एक कप धरला तर ३० बाटच्या दुकानात महिन्याला ९०० बाट जातात, १२० च्या कॅफेत ३,६००. बाट अडीच रुपयांच्या वरच असतो, तेव्हा फरक नजरेआड करण्याइतका लहान नाही.

कापडी गाळणीचं दुकान

इथे याला काफे बोरान म्हणतात, जुन्या वळणाची कॉफी. उंच भांड्यात लांबट कापडी पिशवी, तीत पूड, वरून उकळतं पाणी, मग या भांड्यातून त्या भांड्यात ओतणं. दाणे बहुतेक दक्षिणेतल्या चुम्फोन-रानोंग पट्ट्यातले रोबस्टा जातीचे, काळेकुट्ट होईपर्यंत भाजलेले. ओलियांग नावाची जी काळी गार कॉफी मिळते, तिच्या मिश्रणात तर मका, सोयाबीन आणि तीळही भाजून घातलेले असतात. शंभर टक्के कॉफीचा आग्रह असेल तर हे ठिकाण तुमचं नाही. चिकोरीच्या फिल्टर कॉफीवर वाढलेल्यांना मात्र हा करपट-खमंग वास पहिल्या आठवड्यातच आपलासा वाटतो.

मागताना दोन शब्द पुरतात. रॉन म्हणजे गरम, येन म्हणजे बर्फ घातलेली. काहीच बोलला नाहीत तर बहुधा बर्फाचीच हातात येईल. तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा जाड थर असतो, वर साखर आणि शेवटी बाष्पीभवन केलेल्या दुधाची धार. 'वान नॉय' म्हटलं की गोड कमी करतात, पण कमी म्हणजे त्यांच्या मापाने कमी. कंडेन्स्ड मिल्क स्वतःच गोड असल्यामुळे दुधाची कॉफी पूर्ण बिनसाखरेची मिळणं जवळपास अशक्य. मधुमेह असेल तर काळी, साखर न घालता, असं स्पष्ट सांगायला शिका. ते जमत नसेल तर इथला मुक्काम धोक्याचा.

सोबत काय मिळतं? पातोंगको नावाचे तळलेले पिठाचे जोडतुकडे, कपात फोडलेली अर्धकच्ची अंडी, लोणी-साखर लावलेला भाजका पाव आणि संखया, म्हणजे नारळाच्या दुधातलं गोड कस्टर्ड. शाकाहाऱ्यांनी संखया टाळावं, त्यात अंडं असतं. लोणी-साखरेच्या पावावर सकाळ निभते. आणि टेबलावरच्या किटलीतला फिका चिनी चहा बऱ्याच ठिकाणी फुकट असतो. कॉफीचा गोडवा घशातून उतरवायला तो हवाच.

बँकॉकातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे चारोएन क्रुंग रस्त्यावरचं ऑन लोक युन. १९३३ पासून चालू आहे, शेजारचं साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहही त्याच वर्षीचं. एकदा जरूर जा. पण सुट्टीच्या दिवशी तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग लागते, त्यामुळे रोजचं दुकान म्हणून ते धरू नका. रोजचं दुकान तेच, ज्याचं नाव तुमच्या गल्लीबाहेर कुणाला माहीत नाही.

हा प्रकार पूर्ण भरात बघायचा तर दक्षिणेत त्रांगला जावं. होक्किएन चिन्यांच्या वस्तीमुळे तिथली सकाळ डिमसम, भाजलेलं डुक्कर आणि कॉफी अशी सुरू होते. तिथे कॉफी 'कोपी' म्हणून मागायची. 'काफे' म्हणालात तर नेसकॅफे पुढ्यात येण्याची शक्यता बरीच.

या दुकानात तुम्ही कॉफीपेक्षा माणसांसाठी जाता, हे एकदा मान्य केलं की बाकीच्या गैरसोयी सुसह्य होतात. गैरसोयी आहेतच: डोक्यावर पंखा, बुडाखाली स्टूल, प्लगचा पत्ता नाही, दुपारनंतर बरीचशी बंद, चिनी नववर्षाला तर हमखास. कप संपल्यावर रेंगाळायचं की नाही हे गर्दी बघून ठरवायचं. पण सकाळचे म्हातारे याच टेबलांवर भेटतात, आणि थाई भाषेच्या वर्गात जे महिनाभरात होत नाही ते इथे लॉटरीच्या गप्पांत होऊन जातं. सरकारी लॉटरीची सोडत दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला असते. त्याच्या आदल्या दिवशी स्वप्नातला आकडा, अपघातातल्या गाडीचा नंबर, देवळातल्या झाडावर दिसलेला आकडा यांवर इतकी चर्चा होते की शून्य ते नऊ तुम्हाला आपोआप पाठ होतात.

मालकाला हाक मारताना जरा जपून. चिनी वंशाच्या थोरल्या माणसाला हिया म्हणतात, पण सूर चुकला की तीच इथली चांगली खरपूस शिवी होते. सुरुवातीला लुंग (काका) आणि पा (मावशी) यांवरच भागवावं.

दाण्याचं गाव सांगणारा कॅफे

इथे थायलंड बऱ्याच परदेशी माणसांना चकित करतो. डोंगराळ उत्तरेत एकेकाळी अफू पिकायची. ती हटवून पर्यायी पिकं देण्यासाठी राजे भूमिबोल यांनी १९६९ मध्ये रॉयल प्रोजेक्ट सुरू केला, आणि १९८८ मध्ये त्यांच्या मातोश्रींच्या पुढाकाराने दोई तुंगचा विकास प्रकल्प उभा राहिला. त्या पिकांत अरेबिका कॉफी होती. आज दोई तुंग आणि दोई चांग या दोन्ही कॉफींना युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, २०१५ पासून. च्यांग माईतलं आखा आमा हे २०१० मध्ये सुरू झालेलं दुकान आखा जमातीच्या एका तरुणाने आपल्या गावची कॉफी थेट विकण्यासाठी काढलं. तिथल्याच निम्मान भागातल्या रिस्ट्रेटो या कॅफेचे आर्नोन थितिप्रासर्ट २०१७ मध्ये लाटे आर्टचे, म्हणजे कॉफीवर दुधाने नक्षी काढण्याचे, जगज्जेते झाले.

इथिओपिया किंवा कोलंबियाचे दाणे थायलंडमध्ये महाग का, हा प्रश्न तुम्हाला लवकरच पडेल. ठरलेल्या कोट्याबाहेर आयात होणाऱ्या कॉफीवर ९० टक्के शुल्क आहे, हे त्याचं मोठं कारण. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: परदेशी दाण्याच्या पाटीकडे बघूच नका, उत्तरेकडचा दाणा मागा. तोच ताजा असतो, तोच परवडतो, आणि तो पिकवणाऱ्या डोंगरावर शनिवार-रविवारी जाऊन येता येतं. तोडणी हिवाळ्यात असते, तेव्हा गेलात तर अंगणात वाळत घातलेली कॉफीही बघायला मिळते.

काम करायला हीच जागा. ज्यांचं ऑफिस लॅपटॉपमध्येच आहे (दुरून काम करणाऱ्यांना २०२४ पासून मिळणाऱ्या डीटीव्ही व्हिसावर आलेले पुष्कळ लोक याच वर्गातले), त्यांना वायफाय, प्लग आणि गारवा तिन्ही मिळतात. गारवा जरा जास्तच, एक पातळ जॅकेट पिशवीत असू द्या. दोन-तीन तास बसणार असाल तर दुसरं काहीतरी मागवा. कुणी बोलून दाखवणार नाही, पण अपेक्षा असते. शनिवार-रविवारी मात्र नवे कपडे घालून फोटो काढायला आलेल्या थाई तरुणाईची इतकी गर्दी होते की कामाचं नावच नको.

च्यांग माईत राहायचं ठरवत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर खोऱ्यात कोंडतो. त्या दिवसांत समोरून उघडं असलेलं जुनं दुकान छातीला सोसत नाही, आणि हवा शुद्ध करणारं यंत्र लावलेला कॅफे दीडशे बाट घेऊनही स्वस्त वाटतो. माझा पायी अंतराचा नियम या तीन महिन्यांपुरता मी स्वतःच मोडते.

साखळी दुकानं

यावर फार शब्द खर्चायची गरज नाही. पीटीटी या तेल कंपनीने २००२ मध्ये सुरू केलेल्या कॅफे अ‍ॅमेझॉनच्या देशात चार हजारांहून अधिक शाखा आहेत, बऱ्याचशा पेट्रोल पंपांवर. चव सगळीकडे सारखी, गोडवा सांगाल तसा, स्वच्छतागृह जवळच. लांबच्या प्रवासात याला तोड नाही, आणि ज्यांना रोज एकसारखाच कप हवा त्यांनी खुशाल इथेच जावं. दुकानदाराशी ओळख मात्र होत नाही, कारण काउंटरवरची मुलं सतत बदलतात.

आणि चहा

मराठी माणूस इथे चहाच्या बाबतीत हमखास फसतो, कारण आल्या-आल्या त्याला केशरी रंगाचा चा येन दाखवला जातो. काळ्या चहात रंग आणि वासाची भर घातलेली पूड, तीच कापडी पिशवी, तेच कंडेन्स्ड मिल्क आणि वरपर्यंत बर्फ. हाताचा अंगठा वर केलेलं चिन्ह असलेली चा त्रा म्यू ही सर्वांत प्रसिद्ध पूड १९४५ पासून चालत आलेली आहे. एप्रिलच्या दुपारी, रस्त्यावरून घामाघूम होऊन आल्यावर, चा येन अप्रतिम लागतो. पण सकाळी उठल्यावर लागणारा चहा म्हणून त्याच्याकडे बघाल तर आठवड्यात कंटाळाल. ती पूड घरी आणून आलं घालून उकळण्याचा उद्योगही करू नका, वास भलतीकडेच जातो. बिनदुधाचा हवा असेल तर लिंबू घातलेला चा मनाव चांगला, गोड कमी सांगून.

आपल्या टपरीच्या जवळ जाणारा चहा दक्षिणेतल्या मुस्लिम दुकानांत मिळतो: चा चाक, उंचावरून ओतून फेस आणलेला, गरम, सोबत तव्यावरची रोटी आणि रस्सा. मलेशियात हाच तेह तारिक म्हणून ओळखला जातो. हात याई, क्राबी, फुकेत इथे तो सहज सापडतो, बँकॉकात शोधावा लागतो. वेलची-आलं नसतं, गोड भरपूर असतं, पण काचेच्या पेल्याचा चटका बोटांना ओळखीचा वाटतो. चहाशिवाय ज्याचं पानही हलत नाही आणि ज्याला थायलंडमध्ये कुठेही राहायची मोकळीक आहे, त्याने च्यांग माईऐवजी दक्षिणेचा विचार करावा, असं मी गंभीरपणे म्हणते.

दुसऱ्या टोकाला च्यांग राय प्रांतातलं माए सालोंग. चिनी यादवी युद्धात हरलेल्या कुओमिंतांग या राष्ट्रवादी पक्षाच्या ९३ व्या डिव्हिजनचे सैनिक युन्नानमधून ब्रह्मदेशमार्गे येऊन इथे स्थिरावले. पुढे तैवानहून आणलेल्या ऊलाँग चहाच्या रोपांनी डोंगरउतार भरले. दुकानात बसलात की इवल्याशा कपांतून चव दाखवतात, घाई कुणालाच नसते. हा चहा दुधाविना प्यायचा. दुधाची सवय सुटायला वेळ लागतो, पण जुन्या दुकानातल्या फुकट किटलीवर जीभ तयार झाली असेल तर ऊलाँग लवकर जमतो. कॉफी आणि साखर दोन्ही कमी करायची आहे, अशांसाठी याहून चांगला रोजचा कप या देशात नाही. पाकीट घरी आणलं की तीच पानं तीन-चार वेळा पाणी घालून निघतात, त्यामुळे खर्चही गाडीवरच्या कॉफीच्या आसपास राहतो.

तरीही आल्याचा दुधाळ चहाच हवा असेल, तर बँकॉकातली पाहुरात ही भारतीय वस्ती गाठा. ऑन लोक युनपासून चालत जाण्याइतकं जवळ, गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत चहा उकळणारे आहेत, आणि वाणसामानाच्या दुकानांत आसामची दाणेदार पूड मिळते. ती घेऊन ठेवा, आलं कुठल्याही बाजारात मिळतं. दूध घेताना मात्र सेव्हन-इलेव्हनच्या कपाटातली पहिली बाटली उचलू नका. गोड आणि स्वादाची दुधं शेजारीशेजारीच मांडलेली असतात, बाटलीवर साखरेचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते आधी बघा.