मोठी देणगी स्वीकारण्यापूर्वी: सोलापुरातील एका सनदी लेखापालाच्या सेवेविषयी

सोलापुरात सनदी लेखापालांना तोटा नाही. परंतु ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, उपकारस्तुतीची म्हणजे आभाराच्या अर्पणाची पाकिटे आणि हंगामाच्या सणात अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव यांचा हिशेब ज्याला आधी समजावून सांगावा लागत नाही, असा लेखापाल मिळणे अवघड असते. सात रस्ता परिसरातील ज्या कार्यालयाविषयी लिहीत आहे, तेथे आमची पास्टोरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी समिती, एका जुन्या सभासदाने सभागृहासाठी देऊ केलेल्या मोठ्या रकमेच्या निमित्ताने गेली. त्यांनी पहिलीच सूचना केली ती धनादेश तूर्त न घेण्याची.

दात्याच्या पत्रात रक्कम 'मंडळीच्या कार्यासाठी' असल्याचे म्हटले होते. लेखापाल साहेबांनी त्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारले: ही रक्कम केवळ बांधकामासाठी आहे की पुढील देखभालीसाठीही, काही शिल्लक राहिल्यास ती कोठे वापरायची, आणि महापालिकेची बांधकाम परवानगी मिळालीच नाही तर पैशाचे काय करायचे? पत्रात 'कॉर्पस' (कायम राखायचा मूळ निधी) असा उल्लेख आल्यास ती रक्कम कायद्याने ठरवून दिलेल्या मार्गांनीच गुंतवून वेगळी दाखवावी लागते, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. दात्याने पत्र नव्याने लिहून दिल्यावरच कमिटीने ठराव केला, स्वतंत्र खाते उघडले आणि पाळकांऐवजी (मंडळीच्या धर्मगुरूंऐवजी) खजिनदार व दोन सदस्य यांच्यापैकी कोणत्याही दोघांच्या सहीने पैसे काढण्याची पद्धत ठरली. काही ज्येष्ठांना हा पाळकांवरील अविश्वास वाटला. वास्तविक यरुशलेमच्या गरजूंसाठी जमलेली मदत पोहोचवताना कोणी बोट दाखवू नये म्हणून प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला होता. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात ते आहे, आणि आमचे लेखापाल ख्रिस्ती नसूनही नेमके तेच सांगत होते.

आयकराबाबत त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. केवळ धार्मिक कार्य करणाऱ्या न्यासाला दिलेल्या देणगीवर दात्याला साधारणतः '80जी' म्हणून ओळखली जाणारी, करपात्र उत्पन्नातून देणगी वजा करण्याची सवलत मिळत नाही, हे त्यांनी दात्याला आमच्यासमोरच फोनवर सांगितले. एकाच व्यक्तीकडून 2 लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो, हेही बजावले. दात्याच्या परदेशस्थ मुलाला भर घालायची होती, तेव्हा त्यांनी पासपोर्टची झेरॉक्स मागितली. भारतीय नागरिकाने परदेशातून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. पण नागरिकत्व बदलले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी ती विदेशीच ठरते आणि 2010 च्या विदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळीला तिला हात लावता येत नाही. मुलाने नागरिकत्व बदललेले होते. तेवढी रक्कम आम्ही नाकारली, आणि ते सांगणे सोपे नव्हते.

मला सर्वाधिक मोलाचा वाटलेला सल्ला मात्र कायद्यातला नाही. मोठी देणगी आल्याचे कळताच सभासदांचे नियमित अर्पण घटते, म्हणून एकदाच आलेल्या पैशाच्या भरवशावर पगारी सेवक नेमू नका, असे ते म्हणाले. सभागृहाचे वीजबिल आणि रखवालदार यांचा वर्षाचा अंदाज त्यांनी बांधकामाच्या आराखड्याआधी मागितला होता.

उणिवाही आहेत. ठरावाचे मसुदे इंग्रजीत मिळतात आणि मंडळीच्या सभेत वाचण्यासाठी ते आम्हालाच मराठीत करावे लागले. विवरणपत्रांच्या हंगामात, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, फोन उचलला जाईलच असे नाही. विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावयाचा बदल अहवाल ते करत नाहीत. त्यासाठी वेगळा वकील पाहावा लागतो. शुल्क लहान मंडळीला जड वाटेल असे आहे, तरी ते आधी लेखी सांगतात आणि पावती देतात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, त्यामुळे वयस्कर खजिनदारांनी कागदपत्रे तरुण सदस्याच्या हाती पाठवून भेट फोनवर ठरवून घ्यावी.