आठ महिने दातांच्या फटीतला ब्रश आणि पाण्याचा फवारा: वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथवरच्या टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर गिऱ्हाइकाशी दोन-चार मायक्रॉनवरून वाद घालणारा माणूस मी. माझ्याच तोंडात सहा मिलिमीटर खोल खड्डे पडलेत, हे मात्र मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

निमित्त उसाचं. पाव्हण्यांच्या मळ्यात दातानं ऊस सोलत होतो, तर पांढऱ्या पेरावर लाल रेघ उमटली. तसं ब्रश करताना फेस गुलाबी दिसायचा, तो तीन-चार वर्षं तरी. ब्रश कडक असेल म्हणून मी दुर्लक्ष करत आलो. मग मीठ-मोहरीचं तेल चोळलं, लाल दंतमंजन झालं, लवंगेचं तेल झालं. रक्त येतंय तिथं घासायचंच नाही, असाही प्रयोग करून पाहिला. त्यात हिरडी आणखी फुगली. भाची बीडीएसला (दंतवैद्यकीला) आहे, ती फोनवरच ओरडली, "मामा, जिथं रक्त येतंय तिथंच घासायला पाहिजे. तू नेमकं उलटं करतोयस!" मग तिनं डेन्मार्कमधला एक जुना प्रयोग सांगितला. १९६५ साली हॅराल्ड लो यांनी हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात ठीक झाल्या. मला वाटलं, चला, मग आपलंही आठवड्यात उरकेल.

नाही उरकलं. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मध्ये हळूच सरकवली आणि आकडे सांगायला सुरुवात केली, "तीन, दोन, तीन... पाच, चार, सहा." समोर बसलेली मुलगी लिहून घेत होती. मी पडल्या पडल्या ओळखलं, हा तर डेप्थ गेज! तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चारपासून गडबड. नुसती सूज असेल तर ती पूर्ण बरी होते. पण आतलं हाड एकदा झिजलं की ते आपोआप परत येत नाही, रोग आहे तिथं थोपवता येतो. माझं हाड काही दातांपाशी झिजलेलं होतं. त्यांनी आधी साखर विचारली, मग बीपीची गोळी कुठली ते. बीपीच्या काही गोळ्यांनीही हिरड्या वाढतात म्हणे. माझी गोळी त्यातली नव्हती, पण तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.८ टक्के निघाली. साखर जास्त तर हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या तर साखर आटोक्यात राहत नाही, दोन्हीकडून मार.

इथं एक स्पष्ट लिहितो, कारण बरेच जण थेट मेडिकलमध्ये जाऊन उपकरण आणतात. दातावरचा मऊ थर लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा कडक झाला की घरातल्या कुठल्याही ब्रशनं तो निघत नाही. गिझरच्या कॉइलवरचं किटण फडक्यानं पुसून जातं का? माझी हिरडी बधिर करून दोन बैठकांत मुळापर्यंतची सफाई झाली. नंतर महिनाभर गार पाणी लागलं की डोक्यात कळ जायची. खालच्या पुढच्या दातांमध्ये फटी दिसायला लागल्या तेव्हा बायको म्हणाली, "बघा, साफ करून दात मोकळे केले त्यांनी!" फटी आधीपासूनच होत्या, किटणानं बुजलेल्या. सूज उतरल्यावर त्या उघड्या पडल्या, एवढंच.

दोन आठवडे क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या होत्या. त्यानं जिभेला मिठाची चव लागेना. रविवारी तांबड्या रश्श्यात मी तीनदा मीठ घातलं, चौथ्यांदा हात गेल्यावर आईनं भांडंच उचललं. दातांवर चहाच्या रंगाचे डागही पडतात. मुदत संपली की थांबावं, हे औषध वर्षभर वापरायचं नसतं.

आता मुख्य वस्तू. इंटरडेंटल ब्रश म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू. मधे तार, भोवती केस. माप फटीप्रमाणे लागतं. मला तीन मापं बसली: पुढं बारीक, मधे मध्यम, दाढांना जाड. डॉक्टरांनी खुर्चीतच एकेक घालून दाखवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर स्लायडिंग फिट पाहिजे, केस दोन्ही दातांना टेकले पाहिजेत पण तार घासता कामा नये. ढिला बसला तर काही साफ होत नाही आणि जबरदस्तीनं ठोकला तर हिरडी जखमी होते. माझी पहिली चूक रंगावर भरवसा ठेवण्याची. एका कंपनीचा निळा संपला म्हणून दुसरीचा निळा आणला, तो भलताच निघाला. पाकिटावरचं माप वाचा. पेस्ट लावायची नाही, नुसता ओला करायचा आणि आत-बाहेर चार-पाच वेळा. दाढांसाठी बोटानं थोडा वाकवावा लागतो.

पहिला आठवडा रक्तच रक्त. दुसऱ्या आठवड्यात कमी झालं आणि तिसऱ्यात बेसिन पांढरं राहायला लागलं. एक ब्रश मला आठ-दहा दिवस पुरतो, मग तार मानेपाशी तुटते. पुन्हा पुन्हा वाकवल्यावर धातू थकणारच, त्यात कंपनीचा दोष नाही. पुढच्या दोन दातांमध्ये बारीक मापही जात नाही, तिथं दात साफ करायचा दोरा (फ्लॉस) वापरायला सांगितलाय. तो मी चार दिवसांतून एकदा वापरतो, खोटं का बोलू?

वॉटर फ्लॉसर, म्हणजे दातांच्या फटीत पाण्याचा फवारा मारणारं यंत्र, दुसऱ्या महिन्यात घेतला, साधारण २,२०० रुपयांना. पहिल्या दिवशी आरसा, बनियन आणि छत भिजलं. तोंड मिटून आणि बेसिनवर वाकून वापरायचा, हे पुस्तिकेत कुठंतरी बारीक अक्षरात होतं. मटणाचे धागे काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही. आईला मागं कृत्रिम दातांचा पूल (ब्रिज) बसवलाय, त्याच्याखाली ब्रश नेणं तिला जमत नाही, तिला तो फार आवडला. (तिची चाळीस वर्षांची मिश्री मात्र अजून सुटलेली नाही. ज्या बाजूला ती मिश्री लावते, त्या बाजूची मुळं उघडी पडलीत. सांगायला गेलं की ती मलाच माझ्या कॉलेजातल्या तंबाखूची आठवण करून देते.) पण मशीनवर कूलंटचा (गार ठेवणाऱ्या पाण्याचा) फवारा धातूच्या चिपा उडवतो, चिकटलेला थर काढत नाही, तसंच हे आहे. फवाऱ्यानं रक्त येणं कमी होतं, हे डॉक्टरही मान्य करतात. ब्रशचं काम मात्र तो करत नाही. मे महिन्यात पंधरा दिवस ब्रश सोडून नुसता फवारा वापरला, तर दोन ठिकाणी पुन्हा रक्त आलं. पाचव्या महिन्यात चार्जिंगच्या भोकावरचं रबर सैल झालं, आता टेप लावून चालवतोय.

शेजारच्या गाळ्यातला भाऊ रोज दोन बंडल विड्या ओढतो आणि वर ऐकवतो, "माझ्या हिरडीतून थेंब येत नाही बघ." भाचीला विचारलं. ती म्हणाली, धूम्रपान करणाऱ्यांचं रक्त कमी येतं, रोग आतल्या आत चालूच असतो. त्याला सांगितलं, तो हसला.

सफाईनंतर आठ आठवड्यांनी पुन्हा मोजलं. पाच होते ते तीनवर, सहा होते ते बहुतेक चारवर. साखर आता ७.२ आहे, पण मधे साखरेची गोळीही बदलली, त्यामुळं ते श्रेय मी ब्रशला देत नाही. एक खालची दाढ ऐकत नाही. दोन मुळांच्या मधलं हाड गेलंय, तिथं अजून सहा. हिरडी उघडून साफ करायची का, ते पुढच्या महिन्यात ठरणार आहे. दर तीन महिन्यांनी तपासणी चालू आहे.

ब्रशला दहापैकी नऊ, फ्लॉसरला सहा. ब्रशचा एक गुण कापला तो मिळण्यासाठी. महाद्वार रोडवर चार दुकानांत विचारलं, दोघांनी दात कोरायच्या काड्या पुढं केल्या. जाड माप तर कायमच संपलेलं असतं. पुण्याला कुणी निघालं की मी सहा पाकिटं सांगून ठेवतो.