६५ इंची टीव्ही भिंतीवर : एका वर्षात दोनदा टांगल्यावर

गेल्या पाडव्याला आम्ही ६५ इंची टीव्ही घेतला. चित्र कसं, आवाज कसा, याबद्दल वाचायला भरपूर मिळेल. मला लिहायचंय ते टांगण्याबद्दल, कारण आमच्याकडे तो दोनदा टांगावा लागला आणि पहिल्या वेळची चूक थोडक्यात निभावली.

आमचा फ्लॅट पुण्यातल्या नव्या सोसायटीत आहे. हॉल आणि बेडरूमच्या मधली भिंत सहा इंची, एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेच्या छिद्रांच्या हलक्या काँक्रीटची. हे ब्लॉक इतके हलके असतात की पाण्यात टाकले तर तरंगतात. बिल्डिंगवरचा भार कमी होतो, बांधकाम पटापट उरकतं, पण आत सगळी बारीक छिद्रं. विटेची भिंत स्क्रूला जशी धरून ठेवते तशी ही ठेवत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बसवायला आलेल्या मुलाला माहीत असायला हवं होतं. त्याने ड्रिल हॅमरवर ठेवून चार भोकं पाडली, नेहमीच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले. भोकातून पिठासारखी पांढुरकी भुकटी पडत होती. मी विचारलंही, "दादा, भिंत इतकी मऊ कशी?" तो म्हणाला, "मॅडम, काही होत नाही, रोज दहा बसवतो."

त्यातून आम्ही स्टँड निवडला होता हाताचा, म्हणजे टीव्ही बाहेर ओढून डायनिंग टेबलाकडे वळवता येतो तो. जेवताना रोज ओढायचो. या ओढण्याने भिंतीवर काय येतं ते नंतर वहीवर मांडून पाहिलं. टीव्ही २२ किलोचा, स्टँडच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर २० सेंटिमीटर. टीव्ही भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असेल तर वरच्या बोल्टांना बाहेर ओढणारा जोर साधारण साडेपाच किलोचा. हात ४० सेंटिमीटर बाहेर काढला की तोच जोर ४४ किलो होतो, आठपट. पुन्हा हाताचं लोखंड वेगळंच. खोक्यावर ‘५० किलोपर्यंत’ लिहिलेलं होतं, पण ती ताकद स्टँडची. भिंतीची हमी खोक्यावर कुणी देत नाही.

ऑगस्टमध्ये टीव्हीखालच्या युनिटवर, गडद सनमायक्यावर, रोज पांढरी धूळ दिसायला लागली. रंगाचे पापुद्रे असतील म्हणून मी दोन आठवडे पुसत राहिले. गणपतीच्या साफसफाईत स्टँडच्या मागून फडकं फिरवलं तर वरच्या बाजूने ते सरळ आत गेलं. मग कागद घालून पाहिला, तो गेला. बँकेचं पासबुक घातलं, तेही गेलं. खाली माझा चार वर्षांचा मुलगा गाड्या मांडून खेळत होता. मी त्याला आधी आत नेलं आणि शेजाऱ्यांना हाक मारली. तिघांनी मिळून टीव्ही उतरवला. (उतरवताना दोन्ही बाजूंच्या कडा धरायच्या, पडद्यावर पंजा टेकवायचा नाही, आणि टीव्ही उभाच ठेवायचा.) वरचा उजवा स्क्रू मी दोन बोटांनी बाहेर काढला. गिट्टी त्याच्यासकट आली, अंगभर रांगोळीसारखी भुकटी माखलेली.

सोसायटीत एक काका आहेत, ते बरीच वर्षं फर्निचरचं काम करतात. त्यांनी भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, या भिंतीत गिट्टी बसत नाही, नुसती उभी राहते." पुढचं सगळं त्यांच्याच पद्धतीने केलं. नवी भोकं, हॅमर बंद ठेवून, नुसतं फिरवून पाडलेली. प्रत्येक भोक ब्रशने घासून पंपाने फुंकर मारून साफ केलं, तेही तीन-तीनदा, कारण भुकटी राहिली तर चिकटद्रव्य भुकटीलाच चिकटतं. मग केमिकल अँकरची, म्हणजे भोकात घट्ट होणाऱ्या चिकटद्रव्याची, ट्यूब आतपर्यंत भरली, ८ मिलिमीटरचे आटेवाले रॉड फिरवत घुसवले, पाणसळ लावून पाहिली आणि रात्रभर कुणी हात लावायचा नाही असं बजावून ते गेले. दुसऱ्या दिवशी नट आवळले. ट्यूब, रॉड, नवा स्टँड आणि मजुरी मिळून चार हजारांच्या आत काम झालं. पहिला हाताचा स्टँडच ३,२०० चा होता.

माझ्या बहिणीकडे नाशिकला अशीच भिंत आहे, पण चार इंची. तिथे बोल्ट आरपार काढून पलीकडे लोखंडी पट्टी लावलीय. पलीकडे कपाट आहे, त्यामुळे पट्टी दिसत नाही. पातळ भिंतीला मला तोच उपाय जास्त खात्रीचा वाटतो.

तुमची भिंत कुठली हे ड्रिलच्या भुकटीवरून कळतं. लाल आली तर वीट, करड्या रंगाची खरखरीत आली आणि ड्रिल पुढे सरकेना तर काँक्रीट, मऊ पीठ आलं तर एएसी. मात्र पहिला अर्धा-पाऊण इंच गिलाव्याचा असतो, त्यावरून निदान करू नका. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नका, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

दुसऱ्यांदा टांगताना उंचीही सुधारली. पहिल्या वेळी सगळे उभे होतो, "इथे?" "हो, छान!" असं करत टीव्हीचा मध्य जमिनीपासून ६० इंचांवर गेला. महिनाभरात सासूबाईंची मान धरायला लागली. या वेळी त्यांनाच सोफ्यावर नेहमीसारखं टेकून बसवलं आणि डोळ्यांपर्यंत टेप लावली : ४० इंच. मध्य ४२ इंचांवर ठेवला. खालची कड २६ इंचांवर आली, युनिट १८ इंच उंच, मधल्या जागेत साउंडबार बसला. सासूबाई आता मालिका संपेपर्यंत मान चोळत नाहीत. एक बारकावा सांगते. टीव्हीमागची स्क्रूची भोकं पडद्याच्या बरोबर मध्यावर असतातच असं नाही. आमच्या टीव्हीला ती मध्यापेक्षा तीन इंच खाली आहेत. ते अंतर मोजूनच भिंतीवर खूण करा.

नवा स्टँड फक्त पुढे झुकणारा आहे. थोडा झुकवला की समोरच्या ट्यूबलाइटची रेघ पडद्यावरून नाहीशी होते, हे मला फार आवडलं. डायनिंग टेबलावरून चित्र तिरकं दिसतं, ते मी सोडून दिलं. मागच्या पोर्टांपर्यंत मात्र हात जात नाही, म्हणून टांगण्याआधीच एक एचडीएमआय आणि एक यूएसबी एक्स्टेंशन लावून बाजूला काढून ठेवलंय. वायरींसाठी बिल्डरने भिंतीत एक इंची पाइप ठेवलाय, पण त्याच्या कोपऱ्यात एचडीएमआयचं टोक अडकतं. नवं घर घेत असाल तर भिंत बंद व्हायच्या आत दोन इंची टाकून घ्या. आम्ही शेवटी भिंतीवरून वायरी झाकणारी केसिंग पट्टी लावली. टीव्हीमागचा सॉकेटही दोन वीत बाजूला घ्यावा लागला, प्लग पुढे येऊन स्टँड बसू देत नव्हता.

सात महिने झाले. दर महिन्याच्या एक तारखेला मी स्टँडच्या वरच्या कडेला कागद लावून पाहते. अजून गेलेला नाही. जुन्या चार भोकांपैकी वरची दोन आता टीव्हीच्या वर उघडी पडली होती, ती लांबीने (पुट्टीने) बुजवून रंगवलीत. नव्या डब्याची छटा जराशी वेगळी आली, दुपारच्या उन्हात ते दोन गोल ओळखू येतात.