१,२०० रुपयांचा क्लेम आणि गेलेला नो क्लेम बोनस: दीड वर्षानंतरचा अनुभव

गाडी १२५ सीसीची, ऑक्टोबर २०२१ ला घेतलेली. गाव घाटंजी तालुक्यात. शेत, दूध, यवतमाळचा बाजार, सगळं तिच्याच भरवशावर. जानेवारी २०२५ मध्ये दिवेलागणीला परत येताना तुरीतून एकाएकी रोही (नीलगाय) रस्त्यावर आला. ब्रेक दाबला अन् गाडी घसरली. मला खरचटण्यावर भागलं. गाडीचा व्हायझर, पुढचं मडगार्ड अन् एक इंडिकेटर फुटला, लेग गार्ड आणि क्लच लिव्हर वाकलं.

बिल झालं २,१०० रुपये. दरसाल विमा भरतो, मग खिशातून कशाला द्यायचे, म्हणून क्लेम टाकला. तिथंच चुकलो.

क्लेम मंजूर व्हायला अडचण आली नाही, पण हिशेब पाहा. प्लास्टिकचे भाग १,४०० चे, त्यावर ५० टक्के घसारा कापला. लोखंडी भाग ४०० चे. गाडी तीन वर्षांच्या वरची, म्हणून त्यावर २५ टक्के. मजुरी ३०० पूर्ण धरली. शेवटी सक्तीची १०० रुपये वजावट. कंपनीनं दिले १,२००, मी भरले ९००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं नव्हतं. यवतमाळच्या दोन चकरा झाल्या, ऐन कापूस वेचणीत दोन दिवस मोडले ते वेगळेच.

खरा फटका ऑक्टोबर २०२५ च्या रिन्यूअलला कळला. नो क्लेम बोनस म्हणजे वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट. तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वर्षावर्षानं चढतो. माझा ३५ होता, क्लेम नसता तर ४५ झाला असता. एका क्लेमनं शून्य. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यावर नाही. माझा तो हप्ता ८०० रुपये, म्हणजे त्या वर्षी ३६० गेले. पण तेवढ्यावर थांबत नाही. पुढच्या वर्षी ५० ऐवजी २०, मग ५० च्याच जागी २५, ३५, ४५. पाच वर्षांचा फरक जोडला की ९६०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११०० च्या वर. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून हजार धरा. बाराशे घेऊन हजार घालवले.

म्हणून क्लेम करूच नका असं मी म्हणत नाही. माझ्या चुलतभावाच्या गाडीचा फोर्क अन् चाक दोन्ही गेलं, बिल नऊ हजारांवर. त्यानं क्लेम केला, ते बरोबरच केलं. कंपनी किती देईल ते आधी विचारा, त्यातून बोनसचं नुकसान वजा करा, मगच फॉर्म भरा.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट फार होते. कापूस विकल्यावर विमा भरू म्हणून तारीख टळते. मुदत संपून ९० दिवस उलटले की एकही क्लेम नसताना बोनस जातो. गावातल्या दोघांचा असाच गेला, फार वाईट वाटलं. अन् गाडी विकली तर बोनस सोडून देऊ नका. तो मालकाचा असतो. कंपनीकडून पत्र घेऊन ठेवलं की तीन वर्षांच्या आत नव्या दुचाकीला लावता येतो.

येत्या ऑक्टोबरात मला २० टक्के लागायला हवा. तेव्हाच गाडीसोबत घेतलेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमाही संपतो, त्याचे पैसे तुरीच्या चुकाऱ्यातून आताच बाजूला काढून ठेवलेत.